हार्ट फेल्युअर: निदानापासून औषधं पूर्ण डोसवर नेईपर्यंत

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचं काम कमी पडून शरीरात पाणी तुंबणं. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ अशा भागांतून ओपीडीत येणाऱ्या अशा पेशंटच्या फायलींमध्ये तपासण्यांची कमतरता नसते. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) असतो, दोन-तीन ईसीजी असतात, कधी अँजिओग्राफीची सीडीही असते. नसतो तो क्रम. इको होऊन जातो, पण पायाची सूज कुणी दाबून पाहिलेली नसते. अँजिओग्राफी झालेली असते, थायरॉइड मात्र राहिलेला. आणि डिस्चार्जच्या दिवशी लिहून दिलेले सुरुवातीचे डोस वर्षभर तसेच चालू असतात. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

खाली औषधांची नावं आणि डोस दिले आहेत. ते चिठ्ठी वाचता यावी आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा यासाठी. स्वतःहून डोस कमी-जास्त करायला नाहीत.

इशारा, आधी हा वाचा. बसल्या जागी दम लागतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, तोंडातून गुलाबीसर फेस येतोय, छातीत दुखून घाम फुटलाय, ओठ निळसर पडलेत किंवा शुद्ध हरपलीय, असं काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर असलेल्या पेशंटला आडवं करू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा. साखरपाणी किंवा लिंबू-सरबत पाजू नका.

## १. डॉक्टरकडे जाण्याआधी: तीन गोष्टी तयार ठेवा

औषधांची पिशवी. यादी नको, प्रत्यक्ष पाकिटं न्या. गुडघेदुखीची गोळी, केमिस्टने दिलेली सर्दीची गोळी, वैद्यांचा काढा, जिममधल्या मुलाने आणलेली पावडर, सगळं. निम्मं कोडं या पिशवीतच सुटतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी पायोग्लिटाझोनही तेच करते. खोकल्यावर रोज चघळला जाणारा ज्येष्ठमधसुद्धा निरुपद्रवी नाही. तो जास्त प्रमाणात पोटात गेला तर सोडियम साठतं आणि पोटॅशियम घसरतं. खोकला हार्ट फेल्युअरचा, त्यावर ज्येष्ठमध, त्यातून आणखी पाणी, असं चक्र चालू असलेली घरं आहेत.

आठवड्याची वही. रोज सकाळचं वजन, सकाळ-संध्याकाळचं बीपी आणि नाडी, रात्री किती उशा लागल्या. बीपीचं मशिन दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. नाडी अनियमित असेल तर ऑटोमॅटिक मशिन एका वेळी एक आणि पुढच्या वेळी भलताच आकडा दाखवतं. अशा वेळी तीनदा मोजून सरासरी लिहा.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे. जुना ईसीजी आणि जुना इको असेल तर तो सोन्यासारखा जपा. आजचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

याच वेळी आणखी एक निर्णय घेऊन टाका: रात्री दोन वाजता कुठल्या हॉस्पिटलात जायचं. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने कोंडीतून तीन हात नाक्यापर्यंत यायचं ठरवलं असेल तर ते ठरवणं नव्हे. चोवीस तास आयसीयू आणि शक्यतो कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेलं, आपल्या बाजूचं हॉस्पिटल शोधा, त्यांचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पेशंटला खाली कसं आणणार, हेही आजच ठरवा. दम लागलेल्या माणसाला जिने चालत उतरवायचं नसतं. मजबूत हातांची खुर्ची आणि दोन शेजारी लागतात.

## २. लक्षणं: कुठली खरी, कुठली फसवी

हृदय शरीराला पुरेल एवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं पण आतला दाब वाढवून. दोन्हींत पाणी मागे तुंबतं, फुफ्फुसात, पायात, पोटात. लक्षणं त्यावरूनच येतात.

वजनदार लक्षणं अशी: आडवं झाल्यावर दम लागून उशी वाढवावी लागणं, झोपेतून तास-दोन तासांनी गुदमरून उठणं आणि खिडकीशी जाऊन बसल्यावर बरं वाटणं, बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर श्वास कोंडणं, दोन्ही घोट्यांवर सूज, रात्रीचा कोरडा खोकला. पोटात पाणी आणि यकृताला सूज असली की दोन घास खाल्ले तरी पोट डब्ब होतं. याला घरोघरी ‘गॅस’ म्हणतात आणि वर फसफसणारी पावडर घेतली जाते. तिच्यात सोडियम असतं.

सूज बघायची पद्धत: नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. जास्त वेळ अंथरुणात असलेल्या पेशंटची सूज पायात न दिसता कमरेच्या मागे दिसते. तिथेही दाबून बघा.

नेहमीच्या चुका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘दमा’ झाला म्हणून नेब्युलायझर सुरू होतो आणि ईसीजीही निघत नाही. उलटी चूकही होते: बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे, त्या गोळीमुळेच घोटे सुजलेत, आणि त्यावर लघवीची गोळी सुरू केली जाते. अॅम्लोडिपिनच्या सुजेत सहसा दम नसतो आणि वजनही फारसं वाढत नाही.

बाळंतपणानंतर दम लागणाऱ्या बाईला ‘अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा’ सांगून गप्प बसवू नका. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा एक आजार होतो. तिचा इको त्याच आठवड्यात व्हायला हवा.

तपासून घ्या: बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणजे हार्ट फेल्युअर नाही, असं ठरत नाही. सुरुवातीला ऑक्सिजन बहुधा नॉर्मलच असतो.

## ३. तपासण्या: हा क्रम मोडू नका

पहिली, ईसीजी. कुठल्याही साध्या दवाखान्यात होतो. जुना हार्ट अटॅक, अनियमित ठोके, डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा) हे सगळं इथे दिसतं. पूर्ण नॉर्मल ईसीजी असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच खाली येते, शून्य होत नाही.

दुसरी, रक्त आणि छातीचा एक्स-रे, एकाच दिवशी. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), सोडियम, पोटॅशियम, लिव्हर, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (हे दोन लोहाचे आकडे). क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा हा पहिला आकडा फार महत्त्वाचा आहे. औषधं सुरू झाल्यावर सगळी तुलना याच्याशी होणार आहे.

तिसरी, एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक. ओपीडीत आलेल्या, हळूहळू दम वाढलेल्या माणसात हा १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कारण बहुधा दुसरं आहे. अचानक दम लागून इमर्जन्सीत आलेल्यात हीच रेषा ३०० ला असते. नुसतं बीएनपी केलं असेल तर आकडे वेगळे: ओपीडीत ३५, इमर्जन्सीत १००. ही तपासणी ‘नाही’ म्हणायला जास्त चांगली आहे. वय, किडनीचा आजार आणि अनियमित ठोके यांनी ती वाढते. वजन जास्त असलेल्यांत ती फसवी कमी येते.

चौथी, टू-डी इको. आता त्याला अर्थ आहे, कारण डॉक्टरांना काय शोधायचं ते माहीत आहे.

ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं रुग्णालय इथे जाणार असाल तर इकोची तारीख कधीची मिळते ते आधी विचारा. तारीख लांबची असेल तर तोवर ईसीजी आणि रक्त बाहेर करून ठेवता येतं. दम वाढत असलेल्या माणसाने मात्र इकोच्या तारखेची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात. लघवीची गोळी इकोआधीही सुरू करता येते.

### इकोचा रिपोर्ट कसा वाचायचा

सगळ्यांची नजर ‘पंपिंग’वर, म्हणजे ईएफच्या टक्केवारीवर जाते: डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा. साधारण ५५ ते ६५ हा निरोगी आकडा. १०० कधीच नसतो, त्यामुळे ‘पंपिंग फक्त ६० टक्केच आहे’ म्हणून रडू नका. ४० किंवा त्याखाली म्हणजे पंपिंग कमी असलेला प्रकार. ४१ ते ४९ मधला. ५० आणि वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं: हृदय नीट आकुंचन पावतं, पण सैल होत नाही. लठ्ठपणा, जुनं बीपी, मधुमेह, साठीपुढचं वय आणि अनियमित ठोके यांच्या सोबतीने हा प्रकार येतो आणि ‘इको नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर घरी पाठवला जातो.

याच्या बरोबर विरुद्ध घबराट म्हणजे ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’, हृदय सैल होण्यातला सौम्य दोष. वयस्कर माणसांच्या रिपोर्टवर हे वाक्य सर्रास असतं. लक्षणं नसतील तर तो आजार नव्हे, आणि त्यावर लघवीच्या गोळ्या चालू करायचं काही कारण नाही.

ईएफ डोळ्यांनी अंदाजे काढलेला असू शकतो. दोन जागी काढला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. ३२ चे २८ झाले म्हणजे खालावलं असं नाही. पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी करा.

## ४. कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका

हार्ट फेल्युअर हे निदान अर्धंच आहे. ‘कशामुळे’ हा दुसरा अर्धा भाग चिठ्ठीवर लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर विचारा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे असतं, म्हणून अँजिओग्राफीचा प्रश्न लवकर येतो. त्याशिवाय वर्षानुवर्षं न सांभाळलेलं बीपी, लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा, दारू, थायरॉइड, सतत जलद चालणारे ठोके, कॅन्सरवरची डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं, आणि घराण्यात चालत आलेली हृदयस्नायूची कमजोरी. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल तर ते आवर्जून सांगा. ‘जुनी गोष्ट, कशाला काढायची’ असं म्हणू नका.

झडप खराब असेल तर गोळ्या हा तात्पुरता आधार असतो, खरा उपाय झडपेवरचा. दारू कारण असेल तर पूर्ण बंद केल्यावर पंपिंग लक्षणीय सुधारू शकतं. थायरॉइडचंही तसंच. म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

## ५. पहिलं काम: साठलेलं पाणी काढणं

फुरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, म्हणजेच लघवीची गोळी. ४० मिलीग्रॅम फुरोसेमाइड साधारण २० मिलीग्रॅम टॉर्सेमाइडच्या बरोबरीची, त्यामुळे केमिस्टने एकाच्या जागी दुसरी दिली तर आकडा जुळतोय का ते बघा. पाणी उतरवताना वजन रोज अर्धा ते एक किलोने खाली यायला हवं. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. सूज गेली, सपाट झोपता येऊ लागलं की त्या दिवशीचं वजन वहीत मोठ्या अक्षरात लिहा. ते तुमचं कोरडं वजन. पुढचं सगळं त्याच्याशी मोजायचं.

या गोळ्या आयुष्य वाढवतात असं सिद्ध झालेलं नाही. त्या दम आणि सूज घालवतात. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या पुढच्या टप्प्यात आहेत. पेशंटला मात्र उलट वाटतं, कारण लघवीच्या गोळीचा परिणाम दोन तासांत दिसतो आणि बाकीच्यांचा दिसत नाही.

नेहमीची चूक, खास आपल्या भागातली: ठाण्याहून सकाळच्या लोकलने सीएसएमटीला जाणारा माणूस लघवीची गोळी खातच नाही. डब्यात सोय नाही, मध्ये उतरलं तर गाडी गेली. कारण पटण्यासारखं आहे, पण उपाय गोळी सोडणं हा नाही. फुरोसेमाइडचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो. डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या: ऑफिसात पोचल्यावर, किंवा घरी लवकर परतणार असाल तर दुपारी. संध्याकाळी चारनंतर घेतली तर रात्रभर उठावं लागेल आणि अंधारात पडायची भीती.

## ६. चार प्रकारची औषधं: सुरू करणं आणि वाढवणं

हा भाग ईएफ ४० किंवा त्याखाली असलेल्यांसाठी. अशांना चार वेगवेगळ्या गटांतली औषधं लागतात, आणि चिठ्ठीवर चारही नसतील तर प्रत्येक न दिलेल्या औषधामागे कारण असलं पाहिजे.

अ. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, ते शक्य नसेल तर रॅमिप्रिल, एनालॅप्रिल यांसारखी किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनच्या आपल्याकडच्या पाकिटावर ५०, १००, २०० असे आकडे असतात. सुरुवात ५० पासून दिवसातून दोनदा, ध्येय २०० दोनदा.

इशारे दोन. रॅमिप्रिल किंवा एनालॅप्रिल चालू असेल तर ती बंद करून ३६ तास जाऊ द्यायचे आणि मगच ही सुरू करायची. नाहीतर चेहरा-जीभ-घसा सुजून जीवावर बेतू शकतं. दुसरा: फॅमिली डॉक्टरांची टेल्मिसार्टन आणि कार्डिऑलॉजिस्टची ही गोळी, दोन्ही एकदम चालू नकोत. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असल्या की ही चूक हमखास होते. आणि ही गोळी घेताना नुसतं बीएनपी वाढलेलं दिसतं, म्हणून एनटी-प्रोबीएनपीच करा.

आ. बीटा ब्लॉकर (ठोके संथ करणारी गोळी): बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. सुरुवात अनुक्रमे १.२५ मिलीग्रॅम एकदा, ३.१२५ दोनदा, १२.५ ते २५ एकदा. ध्येय १० एकदा, २५ दोनदा, २०० एकदा. पाकिटावर मेटोप्रोलॉलपुढे ‘सक्सिनेट’ आहे की ‘टार्ट्रेट’ ते वाचा. हार्ट फेल्युअरमध्ये फायदा दिसलाय तो सक्सिनेटचा. फुफ्फुसात पाणी भरलेलं असताना ही गोळी नव्याने सुरू करत नाहीत. आधी पाणी उतरवायचं. आणि सुरू झालेली गोळी एका दिवसात बंद करू नका, ठोके उसळतात.

इ. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. १२.५ किंवा २५ पासून, ध्येय २५ ते ५०. पोटॅशियम ५ च्या वर असेल तर सहसा सुरू करत नाहीत. पुरुषांत स्पायरोनोलॅक्टोनने छाती दुखून फुगू शकते. लाजून गोळी सोडू नका, सांगा, एप्लेरेनोनने प्रश्न मिटतो.

ई. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. १० मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, वाढवायची भानगड नाही. ‘मला शुगर नाही, ही शुगरची गोळी का?’ हा प्रश्न येतोच. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा होतो, हे २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. ईएफ ५० च्या वर असलेल्या प्रकारातही ही उपयोगी पडते. ही घेताना लघवीच्या रिपोर्टवर साखर तीन अधिक चिन्हांसह येते. तो गोळीचा अपेक्षित परिणाम आहे, घाबरायचं नाही. जननेंद्रियाच्या जागी खाज आली तर बुरशी असू शकते. स्वच्छता आणि साधं मलम पुरतं. निर्जळी एकादशी, लांबलेला उपास, सतत उलट्या किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ही आधी थांबवावी लागते. शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस. टाइप वन मधुमेहात ही देत नाहीत.

### वाढवायचं कसं

पूर्वी एक गोळी पूर्ण डोसवर नेऊन मग दुसरी, असं चालायचं. त्यात वर्ष जायचं. आता चारही लहान डोसात लवकर सुरू करून, मग अ आणि आ हळूहळू वाढवतात, साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत जवळच्या भेटी देऊन डोस वर नेले तर पुन्हा अॅडमिट होणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण घटतं, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. म्हणून पहिली भेट एका आठवड्यात, आणि ‘तीन महिन्यांनी दाखवा’ असं कुणी म्हटलं तर तिथेच विचारा: ‘मधे डोस कोण वाढवणार?’

तपासून घ्या: अ किंवा इ सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. क्रिएटिनिन सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढणं अपेक्षित आहे, त्यासाठी गोळी बंद करायची नसते. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी फोन.

बीपीची भीती. वरचं बीपी ९५ आलं की घरचे सगळ्या गोळ्या बंद करतात. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी नीट होतेय, तर ९५ चालतं. चक्कर येत असेल तर आधी लघवीची गोळी जास्त होतेय का आणि अॅम्लोडिपिनसारखी गरज नसलेली बीपीची गोळी चालू आहे का, ते बघतात. हृदय वाचवणाऱ्या गोळ्यांना हात सगळ्यात शेवटी.

खर्चाबद्दल: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या तिन्हींची मूळ पेटंट मुदत भारतात संपली आहे. अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्यात आणि किमती उतरल्यात. ‘महाग म्हणून लिहिलं नाही’ हे जुनं कारण आता तपासून घ्यायला हवं. जनऔषधी केंद्रात विचारा. अॅडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी जा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

ईएफ ५० च्या वर असलेल्यांनी हा सगळा तक्ता स्वतःला लावू नये. त्यांच्यासाठी ई गटातली गोळी, गरजेपुरती लघवीची गोळी, बीपी, वजन आणि ठोके यांचा बंदोबस्त, हाच मुख्य मार्ग आहे.

## ७. घरातला रोजचा क्रम

उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत वजन. काटा फरशीवर ठेवा, गादी किंवा सतरंजीवर नको. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ म्हणजे खाणं नव्हे, पाणी. त्याच दिवशी फोन करा. दम लागायची वाट बघू नका, दम नंतर येतो.

मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास. ‘आम्ही वरून मीठ घेत नाही’ हे उत्तर अपुरं आहे. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील, पाव, पाकिटातलं सूप यांतून ते येतं. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा खायची की नाही यावर मी वाद घालत नाही. रोजचं लोणचं आधी बंद करा. उपासाचं सैंधव हेही मीठच. आणि दुकानातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ मुळीच आणू नका: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि अ व इ या गोळ्या पोटॅशियम आधीच वाढवतात. भेटायला येणाऱ्यांची शहाळी याच कारणाने परत पाठवायची. वाईट दिसतं, पण पाठवायची.

पाण्यावर सरसकट बंदी नको. सोडियम कमी झालं असेल किंवा आजार फार पुढे गेला असेल तर दीड ते दोन लिटर अशी मर्यादा डॉक्टर घालतात, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम जास्त जातो. वजन कोरड्या वजनाच्याही खाली गेलं आणि उठताना चक्कर आली तर गोळी जास्त होतेय. जुलाब-उलट्या चालू असतील तर लघवीची गोळी, अ, इ आणि ई तात्पुरत्या थांबवायच्या का, ते फोनवर विचारून घ्या. पुन्हा कधी सुरू करायच्या तेही तेव्हाच विचारा, कारण थांबवलेल्या गोळ्या परत सुरू करायच्या राहून जातात.

चालणं सपाट जागी. तलावपाळीची एक फेरी किंवा वाशीचं मिनी सीशोअर चांगलं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येत नसलं तरी चालेल. स्टेशनच्या पुलावर व्यायाम म्हणून जिना चढू नका, लिफ्ट घ्या. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी.

दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल, पण फसफसणारी नको. साधी.

## ८. तीन महिन्यांनी: पुन्हा मोजा, मग यंत्राचा विचार

चारही गटांची औषधं पेलतील तितक्या डोसवर तीन महिने दिल्यानंतर इको पुन्हा करतात. त्याआधी केलेल्या इकोवरून ‘औषधाने काही फरक नाही’ म्हणणं घाईचं आहे.

या भेटीत तीन गोष्टी विचारा. पहिली, लोह. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती कमतरता धरतात, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. इथे लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, सलाइनमधून द्यावं लागतं. दुसरी, ठोके नियमित असूनही नाडी ७० च्या वर राहतेय का. बीटा ब्लॉकर आणखी पेलत नसेल तर आयव्हाब्रॅडिनचा पर्याय असतो. तिसरी, यंत्र. एवढ्या औषधांनंतरही ईएफ ३५ किंवा खाली असेल तर अचानक जीवघेणे ठोके थांबवणारं आयसीडी, आणि ईसीजीवर डावा बंडल ब्लॉक १५० मिलीसेकंद किंवा जास्त रुंद असेल तर हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारं सीआरटी. गोळ्या पूर्ण डोसवर न नेताच कुणी थेट यंत्र सुचवलं तर दुसरं मत घ्या. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांपर्यंतची लोकल त्यासाठी परवडते.

ईएफ सुधारून ५० वर आला तर आनंद करा, गोळ्या मात्र चालू ठेवा. हृदयस्नायूच्या आजारातून बरे झालेल्यांची औषधं देखरेखीखाली थांबवून पाहिली, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांत आजार परत आला. कमी करता येण्यासारखी एकच असते, लघवीची गोळी. तीही डॉक्टरांना विचारून, आणि पुढचे दोन आठवडे रोजचं वजन वहीत लिहीत.